पिशवीतील दोन दगडांबाबत

प्रति,
मा. उद्यानप्रमुख साहेब,
युराकोर्को राष्ट्रीय उद्यान,
मुख्य फाटक, चाकापाम्पा.

अर्जदार : फोर्तुनातो काहुआना, वय ६३, धंदा लोकरीच्या हॅट बनवणे व बसलेल्या हॅट पुन्हा आकारात आणणे, राहणार चाकापाम्पा, चर्चच्या मागे.

विषय : येत्या शनिवारी, दि. १८ ऑगस्ट रोजी, गावच्या माता मंडळाच्या एकदिवसीय उद्यानभेटीत अर्जदारास तेरावी व्यक्ती म्हणून सामील करून घेणेबाबत. ते न जमल्यास वाटाड्या बदलणेबाबत. तेही न जमल्यास भेटच रद्द करणेबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कार्यालयाचा परवाना क्र. ४१, व्यक्ती बारा. (२) फाटकावरील फलक, नियम १४. (३) सन १९७९ चा कार्निवल.

महोदय,

१. मी आजवर आपल्या कार्यालयास कसलाही त्रास दिलेला नाही. उलट फाटकावरील रखवालदार विल्बेर यांची सरकारी हॅट गेल्या मार्चमध्ये गारपिटीने बसून गेली, ती मी त्याच दिवशी वाफेवर धरून पूर्ववत करून दिली. त्यांच्या डोक्याचा घेर अठ्ठावन्न असून तो मला तोंडपाठ आहे. हे उपकार म्हणून नव्हे, ओळख म्हणून नमूद केले.

२. परवाना क्र. ४१ अन्वये माता मंडळाच्या अकरा सभासद व एक वाटाड्या अशा बारा जणांना एका दिवसासाठी विनाशुल्क प्रवेश मंजूर झाला आहे. यादीत चौथ्या क्रमांकावर माझी पत्नी मेल्चोरा आहे व बाराव्या क्रमांकावर वाटाड्या सातुर्निनो ताइरो आहे. या भेटीची आखणी गेल्या अकरा दिवसांपासून रोज संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात चालू आहे, कारण सर्वांत मोठी चूल आमच्याकडे आहे. माझे काम शेजारच्या खोलीत चालते. मध्ये फक्त लोकरीचा पडदा आहे. कान देण्याची मला सवय नाही, परंतु पडदा पातळ आहे.

३. आखणी अशी : पहाटे चारला चूल, सहाला फाटक, नऊला ओढा, अकराला वाऱ्याची खिंड, साडेबाराला हिरव्या तळ्याकाठी जेवण व पाचच्या आत परत. यात अर्जदारास काही गैर दिसत नाही. गैर दिसते ते असे की, ओढ्याचा विषय निघाला तेव्हा सातुर्निनो म्हणाला, "पाणी असलं तर मी एकेकीला हात देईन. घाबरायचं कारण नाही." त्यावर मंडळाच्या अध्यक्षा हेर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "आणि पाणी नसलं तर?" तो म्हणाला, "तरी देईन!" अकराही जणी हसल्या. माझ्या अंदाजाप्रमाणे मेल्चोराचे हसणे सर्वांत शेवटी थांबले.

४. सदर सातुर्निनो कोण, याची आपल्या दप्तरी फक्त 'प्रमाणपत्रधारक स्थानिक वाटाड्या' एवढीच नोंद आहे, म्हणून पुढील माहिती देणे भाग आहे. सन १९७९ च्या कार्निवलात, चालीप्रमाणे चौकात सजवलेले झाड उभे केले होते. जोडप्याजोडप्याने नाचत जायचे, कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा व बाजूला व्हायचे. ज्यांच्या घावाने झाड पडेल त्यांनी मिळून पुढच्या वर्षीचा सण करायचा. त्या दिवशी सात फेऱ्यांत मी सात घाव घातले. सातही खोल होते. माझ्यामागून सातुर्निनो मेल्चोरासोबत आला, त्याने एकच घाव घातला व झाड पडले. ते झाड माझ्याच घावांनी खिळखिळे झाले होते, हे तेव्हा हजर असलेला कोणीही प्रामाणिक माणूस सांगेल. परंतु सण त्या दोघांच्या नावावर लागला व वर्षभर ते दोघे मिळून दारोदार मक्याची दारू गोळा करीत फिरले. मेल्चोराने त्यानंतर माझ्याशी लग्न केले ही गोष्ट खरी आहे. पण ते वर्ष त्यांच्याकडे आहे व माझ्याकडे नाही.

५. सदर इसम मला 'कोम्पाद्रे' म्हणतो. माझ्या एकाही मुलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिलेला नाही. शिवाय तो शहरातून आणलेली, यंत्रावर केलेली हॅट घालतो. एकतीस वर्षांत त्याने माझ्याकडून एकही हॅट घेतलेली नाही, आणि दरवर्षी दारात येऊन विचारतो, "काय कोम्पाद्रे, धंदा कसा काय?"

६. जेवणाबाबत. मेल्चोरा दोन कुय, म्हणजे चुलीपाशी पाळलेले गिनीपिग, भाजून नेणार आहे, सोबत उकडलेले बटाटे, भाजलेला मका व आमच्या घरचे चीज. आमच्या घरी कुयची मागची तंगडी मला मिळते. लग्न झाल्यापासून त्यात खंड नाही. परवा आखणीत हेर्मेलिंदाबाईंनी विचारले, "वाटाड्याला काय वाढायचं?" मेल्चोरा म्हणाली, "मागची तंगडी. चालून चालून दमतो बिचारा." बिचारा! एकसष्ट वर्षांचा माणूस, दात सगळे शाबूत, आणि बिचारा. मी त्या वेळी हॅटला इस्त्री करीत होतो, ती हॅट जळाली. ती शिक्षकबाईंची होती व त्यांना काय सांगावे हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

७. मेल्चोराने आपली रविवारची हॅट माझ्यापुढे ठेवून सांगितले, "नवी हिरवी फीत लाव रे म्हाताऱ्या. शनिवारी वाऱ्यात उडायला नको." मी लावली. दुहेरी टाके घातले. आपल्याच हाताने आपल्या बायकोला दुसऱ्यासाठी नटवण्याची पाळी या उद्यानाच्या हद्दीत आजवर किती नवऱ्यांवर आली असेल, याची आकडेवारी कृपया कळवावी.

८. या अकरा दिवसांत तिने मला एकदाही, "तू पण चल," असे म्हटलेले नाही. महोदय, खरे दुखणे हेच आहे. उद्यान होण्याआधी आम्ही दोघे दर ऑगस्टमध्ये त्या खिंडीत जात असू. तेव्हा परवाना नव्हता, यादी नव्हती व वाटाड्याही नव्हता; वाट मला पाठ होती. सहा वर्षांपूर्वी मी छपरावरून पडलो व डाव्या गुडघ्याला इजा झाली. ती आता जवळपास बरी आहे. जिना उतरताना थोडे जाणवते, चढताना त्याहून थोडे अधिक, बाकी काही नाही. तरीही तिने विचारले नाही. मला मत्सर वाटतो आहे. सरकारी कागदावर हे लिहिताना लाज वाटते, पण खोटी माहिती देणे गुन्हा आहे असे आपल्याच फलकावर लिहिलेले आहे.

९. गेल्या गुरुवारपासून माझा हॅटचा काठ दाबायचा दगड सापडत नाही. तो काळा, चपटा, तळहाताएवढा असून एकतीस वर्षे माझ्या हाताखाली आहे. त्याच्याशिवाय ओल्या लोकरीचा काठ सपाट बसत नाही. गुरुवारी सातुर्निनो माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसला होता. मी आरोप करीत नाही. तो बसला होता, एवढेच सांगतो.

१०. आता मुख्य मुद्दा. खिंडीत पोहोचणारा प्रत्येक जण घरून आणलेला एक दगड तिथल्या राशीवर ठेवतो व आपला शीण तिथे सोडून पुढे जातो, ही आमच्याकडची जुनी चाल आपणास ठाऊक असेलच. माणशी दगड एक. दोन दगड, एकावर एक, फक्त नवे जोडपे ठेवते, तेही लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये. काल, रविवारी, मेल्चोरा चर्चला गेली असता तिची शनिवारसाठी भरलेली पिशवी माझ्या पायाला लागली. आत एका फडक्यात काहीतरी घट्ट बांधलेले होते. दुसऱ्याने मारलेली गाठ सोडणे आमच्याकडे चांगले समजत नाहीत, म्हणून मी सोडली नाही. बाहेरून चाचपली. आत दगड आहेत. दोन आहेत. त्यानंतर मी काय खाल्ले व कधी झोपलो ते मला सांगता येणार नाही.

११. फाटकावरील नियम १४ नुसार उद्यानात बाहेरून दगड, माती वा रोपे आणण्यास मनाई आहे. सबब, मी पुढीलप्रमाणे मागणी करतो :

(क) मला तेरावी व्यक्ती म्हणून घ्यावे. खिंडीतला वारा हॅटचे फार नुकसान करतो, हे लक्षात घेता पथकासोबत एक जाणकार हॅटवाला असणे आवश्यक आहे.

(ख) न जमल्यास सातुर्निनोऐवजी दुसरा वाटाड्या द्यावा. शक्यतो स्त्री. स्त्री नसल्यास सत्तरीपुढचा.

(ग) तेही न जमल्यास वाटाड्याने सर्वांच्या पुढे किमान वीस पावले चालावे, मागे वळून पाहू नये, तो बासरी वाजवतो ती बरोबर नेऊ नये, व शनिवारपूर्वी ओढ्यावर लाकडाचा ओंडका टाकावा, म्हणजे हात देण्याचा प्रश्नच राहणार नाही.

(घ) फाटकावर यादीतील क्र. ४ ची पिशवी सर्वांसमक्ष उघडून आतील दगड जप्त करावेत. त्यानंतर भेट रद्द झाली तरी माझी हरकत नाही.

आपल्या न्यायबुद्धीवर भार टाकून बसलेला,
फोर्तुनातो काहुआना
सोमवार, दि. १३ ऑगस्ट २०१८

सोबत : आरोग्य केंद्राचा गुडघ्याबाबतचा दाखला. (यातील 'चढ पूर्ण वर्ज्य' हे शब्द डॉक्टरांनी घाईत लिहिलेले आहेत.)

याच अर्जास जोडलेली पुरवणी, बुधवार, दि. १५ ऑगस्ट. अत्यंत तातडीची.

महोदय,

१२. वरील अर्ज सोमवारी दाखल होऊन मला पोच मिळाली. आज सकाळी मी तो परत घेण्यासाठी आपल्या कार्यालयात आलो होतो. आपले कारकून, वडीलधाऱ्याला हाक मारावी तसे, नम्रपणे म्हणाले, "तायता, दाखल झालेला अर्ज परत मिळत नसतो. माणशी महिन्याला एक अर्ज. आणखी काही सांगायचं असेल तर त्यालाच पान जोडा." म्हणून हे पान जोडत आहे. कारकुनांनी पुढे असेही सांगितले की माझ्या मागण्या क, ख व ग नामंजूर झाल्या असून घ तेवढी मंजूर झाली आहे. विल्बेर यांना तसा लेखी हुकूमही गेला आहे. "इतक्या लवकर कुणाचाच अर्ज मंजूर झालेला नाही, तायता. नशीबवान आहात," असे म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला.

१३. मधल्या काळात घडले ते असे. काल दुपारी मी एका नव्या हॅटचा काठ विटेने दाबण्याचा प्रयत्न करीत होतो. वीट खडबडीत असल्याने काठ एका बाजूला झुकला. तळपायाची आग मस्तकात गेली व मी पडद्यापलीकडे ओरडलो, "तुझ्या त्या वाटाड्यानं माझा दगड चोरलाय! एकतीस वर्षांचा दगड! सगळं तर नेतोच आहे, दगड तरी ठेवायचा होता!"

मेल्चोरा पडदा सारून आली. आधी ती हसली. मग माझे तोंड पाहून हसायची थांबली. "सगळं म्हणजे काय रे?" तिने विचारले. मी झाडाचे बोललो, तंगडीचे बोललो, फितीचे बोललो. पिशवीचे बोलायचे नव्हते, तेही बोललो. "दोन दगड आहेत," मी म्हणालो, "दोन दगड कोण नेतं ते मला माहीत आहे."

ती पिशवी घेऊन आली व माझ्यासमोर गाठ सोडली. एक दगड आमच्या मक्याच्या बांधावरचा होता. दुसरा काळा, चपटा, एका अंगाने माझ्या तळहाताने गुळगुळीत झालेला.

१४. यानंतरचे बोलणे जसेच्या तसे देतो, कारण पुढील विनंती त्यावर आधारलेली आहे.

ती म्हणाली, "आजाऱ्याचा दगड घरच्यांनी न्यायचा असतो. विसरलास का?"

महोदय, ही चाल मलाही ठाऊक होती. तिच्या आजारी आईचा दगड मी स्वतः खांद्यावरून नेलेला आहे. परंतु मी स्वतःला आजारी समजत नसल्याने ती मला आठवली नाही.

मी म्हणालो, "मग अंगणातला एखादा उचलायचा. माझ्या कामाचाच कशाला?"

"अंगणातल्या दगडात तुझा काय शीण आहे? एकतीस वर्षं सगळा भार ह्याच्यावर टाकलास. गुडघा मोडला तेव्हापासून तर जरा जास्तच. हाच ठेवायचा तिथं. माझ्या दगडावर. पहिल्या वर्षी ठेवले होते तसे."

"आणि सातुर्निनो?"

"तो वाट दाखवतो. दुसरं काय येतं त्याला? अरे, झाडसुद्धा तू पाडलेलं होतंस, त्यानं नुसतं ढकललं. सगळ्या गावाला माहीत आहे. मी त्याच्याबरोबर वर्षभर दारूच्या घागरी उचलल्या आणि सगळ्या वाटेनं त्याचं एकच पालुपद, फोर्तुनातोनं सात घाव घातले, फोर्तुनातोनं सात घाव घातले. कान किटले माझे."

हे मला एकोणचाळीस वर्षांत कोणीही सांगितले नव्हते.

शेवटी मी जे विचारायचे तेच विचारले, "मग मला चल का नाही म्हणालीस? एकदा तरी?"

ती हिरव्या फितीशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "म्हटलं असतं तर तू हो म्हणाला असतास. दातओठ खाऊन ओढ्यापर्यंत आला असतास आणि तिथंच बसला असतास. मग सातुर्निनोनं तुला पाठुंगळी घेऊन खाली आणलं असतं. अकरा बायकांच्या देखत. चाललं असतं का रे तुला?"

मला चालले नसते, महोदय.

१५. यावर तिने विचारले, "काल हॅट घालून कुठं गेला होतास?" मी म्हणालो, "हवा खायला." आपल्या फाटकापर्यंत. ती "बरं" म्हणाली. अर्जाबद्दल तिला काही माहीत नाही. येत्या शनिवारी सकाळी सहा वाजता विल्बेर यांनी सर्वांसमक्ष पिशवी उघडली, दगड जप्त केले व नियमाप्रमाणे तक्रारदाराचे नाव वाचून दाखवले, तर तिला कळेल. तिने माझी लाज सातुर्निनोपासून झाकली, आणि मी तिची फाटकावर काढली असे होईल. अडतीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ चुका केल्या, पण त्या घरातल्या घरात केल्या. ही आपल्या शिक्क्यासह केलेली आहे.

१६. नियम १४ बाबत मी अधिक विचार केला. सदर दगड बाहेरचा नाहीच. एकतीस वर्षांपूर्वी, उद्यान जाहीर होण्याआधी, तळ्याखालच्या त्याच ओढ्यातून मी तो उचलून आणला होता. म्हणजे दगड उद्यानाचाच असून तो परत येत आहे. उद्यानातून दगड नेल्याबद्दल काही शिक्षा असेल तर ती माझी आहे. मी घरीच असतो, कुठे पळून जाण्यासारखा माझा गुडघा नाही. चूक झालेला नागरिक शनिवारी ती चूक बायकोच्या हातून दुरुस्त करीत आहे, असे समजून पाहावे. बांधावरच्या दगडाबद्दल मात्र माझ्याकडे मुद्दा नाही. तो तिचा आहे, आणि तो नसेल तर माझा कशावर ठेवायचा?

१७. सबब, मागण्या पुढीलप्रमाणे सुधाराव्यात :

(क) व (ख) मागे घेतो. डॉक्टरांनी घाई केली नव्हती.

(ग) कायम ठेवतो. वीस पावले जास्त वाटत असल्यास पंधरा करावीत. ओढ्यात हात देण्यास माझी हरकत नाही, परंतु ओढा संपेपर्यंतच. तंगडी त्याला खाऊ द्यावी. सात घावांची गोष्ट तो इतकी वर्षे खरी सांगत आला, त्याबद्दल.

(घ) रद्द करावी. हुकूम रद्द करण्यास सही, शिक्का व पंधरा दिवस लागतात असे कारकुनांनी सांगितले. शनिवारला तीन दिवस आहेत. म्हणून हुकूम रद्द करता येत नसेल तर राहू द्यावा. फक्त, हिरव्या फितीची हॅट घातलेली बाई फाटकातून आत जाईल तेव्हा विल्बेर यांची नजर खाली तिच्या पिशवीकडे जाणार नाही, एवढीच मेहेरबानी व्हावी. तशी सोय मी माझ्या परीने सोबत केली आहे.

आणखी एक. तळ्याकाठची हवा शनिवारी कशी होती, हे सोमवारी फाटकाच्या फलकावर लिहिले जाते. ते मी वाचायला येईन. ती सांगेलच, पण ती मला वाईट वाटू नये म्हणून ढग होते असे सांगेल.

आपल्या फाटकाबाहेरच थांबणारा,
फोर्तुनातो काहुआना
चाकापाम्पा, दि. १५ ऑगस्ट २०१८

सोबत :
१. सोमवारच्या अर्जाची पोच.
२. रखवालदार विल्बेर यांच्यासाठी हॅट, नग एक, घेर अठ्ठावन्न. ही लाच नाही. काठ दाबायचा दगड माझ्याजवळ नसल्याने तिचा काठ पुढून बराच खाली आला आहे. शनिवारी सकाळी त्यांनी हीच घालावी. हिच्यातून खालचे काही दिसत नाही, मी स्वतः घालून पाहिली आहे.